जुन्याच लॅन केबलवर ऑफिसचं नेटवर्क फास्ट कसं करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केबल न बदलता स्पीड वाढतो हे खरंच आहे का, का दुकानदार काहीही सांगतात?

खरं आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेने ८०२.३बीझेड नावाचं स्टँडर्ड मंजूर केलं, त्यात २.५ गिग आणि ५ गिग असे दोन नवे स्पीड आले (१ गिग म्हणजे सेकंदाला १ गिगाबिट, १००० एमबीपीएस), आणि हे स्टँडर्ड बनवलंच मुळी भिंतीत आधीपासून असलेल्या कॅट५ई आणि कॅट६ (लॅन केबलचे दर्जे) केबलसाठी. १ गिग तांब्यावर १९९९ साली आलं, १० गिग २००६ साली आलं, पण १० गिगला पूर्ण १०० मीटरसाठी कॅट६ए लागते आणि ती कुणाच्या भिंतीत होती? कुणाच्याच नाही. तेवढ्यात वायफायचे ॲक्सेस पॉइंट १ गिगच्या पुढे जायला लागले आणि मागची केबल कमी पडायला लागली, म्हणून हा मधला रस्ता काढला.

आत काय होतं ते थोडक्यात सांगतो. १० गिगचीच पद्धत घेऊन ती चौपट हळू चालवली की २.५ गिग, दुप्पट हळू चालवली की ५ गिग. १० गिगला सिग्नल ४०० मेगाहर्ट्झपर्यंत जातो, ५ गिगला २०० पर्यंत, २.५ गिगला १०० पर्यंत. कॅट५ई बनवतानाच १०० मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली असते, त्यामुळे २.५ गिग तिच्यात नीट बसतं.

माझ्या भिंतीत कुठली केबल आहे हे कसं कळणार, बिल तर कधीच हरवलं?

केबलच्या अंगावरच छापलेलं असतं. रॅकच्या (सगळ्या केबल जिथे येऊन स्विच नावाच्या जोडणी-पेटीला लागतात त्या कपाटाच्या) मागे किंवा फॉल्स सीलिंगची एक टाइल उचलून बघा, दर मीटरला प्रिंट रिपीट होते: कॅट५ई का कॅट६, २३ किंवा २४ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप), आणि पुष्कळदा मीटरचा आकडासुद्धा असतो, तो दोन्ही टोकांना वाचलात तर वजाबाकी करून लांबी घरबसल्या कळते. नुसतं कॅट५ लिहिलेलं असेल, ई नसेल, तर ती केबल फार जुनी आहे, छोट्या अंतरावर २.५ चालून जाईलही पण भरवसा ठेवून प्लॅन करू नका.

फक्त रॅकमध्ये लोंबणारी पॅच कॉर्ड (छोटी जोड-केबल) बघून ठरवू नका, ती वेगळी आणि भिंतीतली वेगळी. आणि टेबलाजवळच्या आयओ बॉक्सची (लॅनच्या सॉकेटची) फेसप्लेट एकदा उघडाच. आत तारांच्या जोड्या पंचिंगपर्यंत (तारा सॉकेटमध्ये दाबून बसवतात तिथपर्यंत) पिळलेल्या हव्यात, १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडलेल्या नकोत. आपल्याकडे बऱ्याच ऑफिसात फेसप्लेट उघडली की दोन-दोन इंच वायर मोकळी करून दाबलेली दिसते. १ गिगला हे खपून जातं, ५ गिगला अजिबात नाही. चांगली बातमी ही की यात केबल बदलायची गरज नसते, तेवढं टोक कापून नवीन कीस्टोन (सॉकेटमधला जॅक) नीट पंच केला की काम होतं.

सीसीए केबल म्हणजे काय, आणि त्याची एवढी भीती का घालता?

कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. सीसीए म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. अंगावर कॅट६ छापलेलं असतं, बॉक्सवरही कॅट६, भाव मात्र निम्मा. टीआयए किंवा आयएसओ या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थांच्या कुठल्याच स्टँडर्डमध्ये ही बसत नाही. ॲल्युमिनियमची वीज वाहून न्यायची ताकद तांब्याच्या साधारण ६१ टक्के, त्यामुळे सिग्नल लवकर मरतो, आणि पीओईवर (लॅन केबलमधूनच वीज द्यायची पद्धत) कॅमेरा किंवा ॲक्सेस पॉइंट चालवला की वायर गरम होते, वर व्होल्टेज पडतं ते वेगळंच.

ओळखायची पद्धत: एक तार ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर सीसीए, आतपर्यंत तांबूस राहिली तर तांबं. दोन-चार वेळा वाकवली की पटकन तुटते हीसुद्धा खूण.

ब्लेड लावायचं नसेल तर साधा मल्टिमीटर घ्या. लांबच्या टोकाला एकाच जोडीच्या दोन्ही तारा, समजा निळी आणि निळी-पांढरी, एकमेकींना जोडा आणि जवळच्या टोकाला त्या दोघींमधला रेझिस्टन्स मोजा. मोजायच्या आधी स्विच आणि पीओई दोन्हीकडून काढलेले पाहिजेत हे विसरू नका. स्टँडर्डप्रमाणे १०० मीटर तारेला जास्तीत जास्त ९.३८ ओहम, म्हणजे तुमची केबल ५० मीटरची असेल तर जाऊन-येऊन १०० मीटर तार झाली, मीटरवर ९.३८ किंवा त्याच्या आत दिसायला हवं, मल्टिमीटरच्या लीडचा स्वतःचा थोडा रेझिस्टन्स असतो तो आधी वजा करा. तेरा-चौदा किंवा वर दिसलं तर ती केबल तांब्याची नाही. मग त्या केबलवर २.५ गिगचा स्विच लावून उपयोग नाही, तो पैसा केबलसाठी ठेवा. याबाबतीत मी कुणालाच सूट देत नाही, कारण नंतर महिनोन्महिने लिंक पडते आणि कुणालाच कारण सापडत नाही.

किती मीटरपर्यंत कुठला स्पीड मिळेल ते सरळ सांगा.

अस्सल तांब्याची कॅट५ई असेल तर २.५ गिग पूर्ण १०० मीटर. कॅट६ असेल तर २.५ आणि ५ दोन्ही १०० मीटर. कॅट५ईवर ५ गिग बहुतेक ठिकाणी चालतं पण ते केबलच्या तपासलेल्या हद्दीच्या बाहेरचं काम आहे, त्यामुळे लांबी आणि गठ्ठा किती जाड यावर ठरतं, लावून बघितल्याशिवाय कुणालाही वचन देऊ नका. १० गिग कॅट६वर साधारण ५५ मीटर, आणि केबल एकमेकींना चिकटून बांधलेल्या असतील तर ३७ मीटरपर्यंतच धरा. कॅट६ए असेल तर १० गिग १०० मीटर.

हे १०० मीटर म्हणजे भिंतीतली ९० आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १०. आपल्याकडची बहुतेक ऑफिसं, एका मजल्यावर वीस-तीस टेबलं, रॅक कोपऱ्यात, तिथे बहुतेक केबल ५० मीटरच्या आतच असतात. म्हणून तर मी म्हणतो की पीओपी फोडायच्या आधी एकदा शांतपणे बघा, तुमच्याकडे जे आहे ते बहुतेक पुरेसं आहे.

गठ्ठ्याचा काय संबंध? केबल टाय मारून छान बांधल्या आहेत की!

छान बांधल्या आहेत तोच प्रॉब्लेम. शेजारच्या केबलचा सिग्नल आपल्या केबलमध्ये घुसतो त्याला एलियन क्रॉसटॉक म्हणतात. एकाच केबलमधल्या चार जोड्यांचा आपापसातला आवाज चिप हिशोब करून कापते, पण शेजारच्या केबलवर काय चाललंय हे तिला माहीतच नसतं, त्यामुळे तो कापता येत नाही. १ गिगला याचा त्रास जाणवत नाही, ५ आणि १० गिगला जाणवतो.

उपाय अगदी फुकटातले आहेत. रॅकजवळचे घट्ट टाय कापा आणि वेल्क्रो लावा, केबल थोड्या सैल पडू द्या. फास्ट पोर्ट सलग न घेता पॅच पॅनलवर (रॅकमधली भिंतीतल्या केबलच्या सॉकेटची पट्टी) पसरून घ्या. खूपच त्रास असेल तर फक्त पॅच कॉर्ड शील्डवाल्या घ्या, भिंतीतली केबल आहे तीच राहू दे. आणि हो, लॅन केबल आणि एसीची पॉवर केबल एकाच केसिंगमधून गेली असेल तर तेवढी आधी वेगळी करा, ते फक्त स्पीडसाठी नाही तर सेफ्टीसाठीसुद्धा.

आमच्याकडे तर १ गिगसुद्धा येत नाही, १०० एमबीपीएसच दाखवतं. मग २.५ कसं येणार?

हे आधी सोडवा. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, १ गिग आणि पुढच्या सगळ्यांना चारही लागतात. १०० वर अडकलं म्हणजे कुठेतरी एखादी तार तुटलीये किंवा पंच नीट बसलेला नाही. नवीन जॅक मारून बघा.

पण आपल्याकडे अजून एक भानगड असते. एकच केबल ओढून तिच्या दोन-दोन जोड्या फोडून दोन पीसी चालवलेले असतात, किंवा दोन जोड्यांवर लॅन आणि उरलेल्या एकीवर इंटरकॉम. त्या काळात ते चालून गेलं कारण १०० पुरत होतं. आता त्या चारही जोड्या एकाच पोर्टला परत आणाव्या लागतील आणि दुसऱ्या पीसीसाठी टेबलाखाली छोटा स्विच ठेवावा लागेल.

अजून एक जागा जी कुणी बघत नाही: पीसीची केबल आयपी फोनमधून गेलीये का? फोनच्या मागे दोन पोर्ट असतात, भिंतीतून फोनमध्ये आणि फोनमधून पीसीला. जुन्या फोनमधला हा पोर्ट १०० चाच असतो, नव्यातला १ गिगचा. म्हणजे मागे काहीही लावा, फोनच्या पुढे जाणार नाही. तसंच पावसाळ्यात वीज पडते म्हणून लॅनमध्ये मधे सर्ज प्रोटेक्टर लावलेले असतात, त्यावरही स्पीड लिहिलेला असतो तो वाचा.

मग विकत काय काय घ्यावं लागेल?

स्विच, आणि ज्या मशीनला खरंच गरज आहे त्यांच्यासाठी नेटवर्क कार्ड. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच मदरबोर्डवर २.५ गिगचा पोर्ट आधीपासून असतो आणि मालकाला माहीतच नसतं, स्विच १ गिगचा म्हणून तो १ वर चालत राहतो, तेव्हा आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कार्डाचं नाव वाचा. लॅपटॉपला यूएसबी ३ चं २.५ गिग ॲडॉप्टर मिळतं, ते यूएसबी २ च्या पोर्टात घालू नका, तिथे वरची मर्यादाच ४८० मेगाबिट आहे.

सगळ्या टेबलांना २.५ द्यायची गरज नसते. फाइल सर्व्हर किंवा नॅस (नेटवर्कवर फाइली साठवायची पेटी), एडिटिंग किंवा ड्रॉइंगची मशीन, आणि ॲक्सेस पॉइंट एवढ्यांना दिलं की ऑफिसला फरक कळतो. अकाउंट्सचे आणि रिसेप्शनचे पीसी जुन्या स्विचवर राहू देत. फक्त सर्व्हरला बाकीच्यांपेक्षा जाड रस्ता हवा: चार जण २.५ वर एकदम ओढत असतील आणि सर्व्हरही २.५ वरच असेल तर चौघं मिळून तेवढंच वाटून घेणार. म्हणून असा स्विच बघा ज्याला दोन एसएफपी प्लस पोर्ट (मॉड्यूल किंवा खास केबल घालायचे १० गिगचे पोर्ट) आहेत, सर्व्हर त्याच रॅकमध्ये असेल तर डीएसी केबलने (दोन्ही टोकांना एसएफपी प्लसचे प्लग बसवलेली छोटी तांब्याची केबल) १० गिगवर जोडा, स्वस्तात काम होतं आणि गरमही होत नाही.

जुना १० गिगचा स्विच स्वस्तात मिळतोय, तो घेऊ का? १० मध्ये २.५ तर येणारच ना?

नाही येणार, थांबा! २.५ आणि ५ हे १० गिगच्या दहा वर्षांनंतर आले. त्याआधी डिझाइन झालेल्या १० गिग पोर्टना १००, १ गिग आणि १० गिग एवढंच कळतं. त्यात २.५ चा पीसी लावला तर दोघांना कॉमन काय, १ गिग, मग तेवढ्यावरच जुळतात. इंटेलचं एक्स५४० कार्ड असंच आहे, नंतरच्या एक्स५५० ला २.५ आणि ५ कळतं. सेकंडहँड माल घेताना डेटाशीटमध्ये २.५जी, ५जी, एनबेस-टी किंवा ८०२.३बीझेड यातलं काहीतरी लिहिलेलं आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

एसएफपी प्लसमध्ये घालायचे तांब्याचे १० गिग मॉड्यूलही मिळतात. बहुतेकांवर ३० मीटरच लिहिलेलं असतं आणि ते चांगलेच तापतात, शेजारी-शेजारी भरून ठेवू नका.

२.५ केलं की इंटरनेट फास्ट होईल का?

प्लॅन ३०० एमबीपीएसचा असेल तर ३०० च राहील. हे काम ऑफिसच्या आतल्या देवाणघेवाणीसाठी आहे: फाइल सर्व्हर, बॅकअप, वायफाय.

आणि टॅली फास्ट होईल?

फारसं नाही. टॅली किंवा तसलं अकाउंटिंग छोट्या-छोट्या फाइलींशी खेळतं, तिथे केबलच्या रुंदीपेक्षा सर्व्हरची डिस्क आणि उत्तर यायला लागणारा वेळ महत्त्वाचा. डेटा जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी टाका, स्विचपेक्षा त्याने जास्त फरक पडेल.

मोठ्या फाइलींचं मात्र वेगळं आहे. १ गिगवर हातात पडतात सेकंदाला ११० ते ११८ एमबी (मेगाबाइट, मेगाबिट नव्हे; एक बाइट म्हणजे आठ बिट), २.५ वर २८० च्या आसपास. ५० जीबीचं लग्नाचं फूटेज नॅसवर टाकायला १ गिगला सात मिनिटं लागतात, २.५ ला तीन. पण नॅसमध्ये एकच हार्ड डिस्क असेल तर ती स्वतःच दोनशेच्या आसपास दमते, मग ५ गिग घेऊन तुम्हाला काहीच मिळणार नाही. आधी डिस्क, मग केबल, असा विचार करा.

वायफायसाठी २.५ लागतंच का?

ॲक्सेस पॉइंट बघून ठरवा. साधा दोन अँटेनाचा वायफाय ६ वाला ८० मेगाहर्ट्झवर कागदावर १२०१ एमबीपीएस दाखवतो, प्रत्यक्षात त्याच्या बराच खाली, म्हणजे त्याला १ गिग पुरतं. १६० मेगाहर्ट्झवर चालवणार असाल, किंवा चार अँटेनाचा असेल, किंवा वायफाय ७ घेतलाय, तर २.५ द्या.

इथे एक गोष्ट सुटते ती पॉवरची. स्विच २.५ चा आहे पण त्यात पीओई नाही, मग लोक जुना पीओई इंजेक्टर (केबलमध्ये वीज घालणारा छोटा डबा) मधे लावतात. डेटा त्या इंजेक्टरमधून जातो, आणि तो १ गिगपर्यंतचा असेल तर २.५ ची लिंक एकतर होत नाही नाहीतर होऊन पडत राहते. ॲक्सेस पॉइंटला किती वॉट लागतात तेही बघा, पीओईच्या स्टँडर्डपैकी ८०२.३एएफ पोर्टवर १५.४ वॉट सोडतं, एटी ३० वॉट, २०१८ च्या बीटीमध्ये ६० आणि ९० पर्यंत. पॉवर कमी पडली की बरेच ॲक्सेस पॉइंट गुपचूप एखादा रेडिओ बंद करतात किंवा ताकद कमी करतात, आणि शिव्या बिचाऱ्या केबलला बसतात.

आमचं ऑफिस पत्र्याच्या शेडमध्ये आहे, उन्हाळ्यात नेट हळू होतं असं वाटतं. भास आहे का?

भास नाही. तांबं तापलं की सिग्नल जास्त घटतो. स्टँडर्डमधला ९० मीटरचा आकडा २० अंशांसाठी आहे. ४० अंशांना तोच सुमारे ८३ मीटर धरायचा, ६० ला सुमारे ७५. आता अकोला, नागपूर, जळगावला मे महिन्यात बाहेर ४४-४५ असतं, तेव्हा पत्र्याखाली, सीलिंगच्या वर किती असेल विचार करा. त्यामुळे शेड, गोडाऊन, फॅक्टरी ऑफिस असेल तर लांबीचा हिशोब कडक ठेवा आणि टेस्टिंग जानेवारीत सकाळी करून सही घेऊ नका, दुपारी करा. केबल पत्र्यापासून वीतभर खाली आणता आली तरी खूप फायदा.

टेस्ट कशी करायची? केबलवाल्याच्या टेस्टरवर आठही लाइट लागतात.

ते आठ लाइट फक्त एवढंच सांगतात की तार इथून तिथे पोचलीये. जोड्या चुकीच्या जुळवल्या असतील, म्हणजे एका जोडीतली एक आणि दुसरीतली एक, तरी लाइट लागतात आणि लिंक मात्र रडते. खरं सर्टिफिकेशन करणारं मशीन काही लाखांचं असतं, ते विकत घ्यायची गरज नाही, मोठे केबलिंग कॉन्ट्रॅक्टर दर पॉइंटमागे पैसे घेऊन रिपोर्ट देतात. दोनशे पॉइंट असतील तर जरूर करा. दहा-पंधरा असतील तर चालवून बघणं हीच टेस्ट.

आयपर्फ३ नावाचं फुकट टूल दोन मशीनवर टाका, एकावर सर्व्हर म्हणून सुरू करा, दुसऱ्यावरून ओढा, मग उलट दिशेनेही ओढा. २.५ वर साधारण २.३५ गिग दिसायला हवं, १ वर ०.९४. एका दिशेला बरोबर आणि दुसरीकडे निम्मं आलं तर केबल किंवा टोक संशयित. नुसतं दहा सेकंद चालवून खूश होऊ नका, तासभर चालवा, शेजारच्या केबलवरही त्याच वेळी ट्रॅफिक टाका, आणि मग स्विचच्या पोर्टवरचा सीआरसी एररचा (वाटेत बिघडून आलेल्या डेटाचा) आकडा बघा. तो शून्य हवा. वाढत असेल तर स्पीड कितीही छान दिसू दे, ती लाइन पास नाही. यासाठीच मी नेहमी मॅनेज्ड किंवा निदान स्मार्ट स्विच घ्या म्हणतो, साध्या स्विचवर हा आकडा दिसतच नाही.

२.५ वर लिंक येते आणि दिवसातून चार वेळा पडते. काय करू?

पहिल्यांदा दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड बदला, विशेषतः त्या चपट्या रिबनसारख्या असतील तर. मग कार्डाचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून नवा टाका, विंडोजने आपोआप टाकलेल्यावर राहू नका. मग कार्डाच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये एनर्जी एफिशिएंट इथरनेट बंद करा, याने बऱ्याच जणांची लिंक शांत होते. एवढं करूनही पडत असेल तर तोच पीसी उचलून रॅकजवळ न्या आणि दोन मीटरच्या कॉर्डने थेट स्विचला लावा. तिथे नीट चालला तर दोष भिंतीतल्या केबलमध्ये किंवा तिच्या टोकांत, तिथेही पडला तर कार्ड किंवा स्विच.

दोन केबल एकत्र करून दुप्पट स्पीड नाही का मिळत?

लिंक ॲग्रिगेशनने अनेक जणांचा मिळून ट्रॅफिक वाटला जातो, पण एका पीसीची एक फाइल कॉपी एकाच तारेवरून जाते, तिला १ गिगच मिळतं. दहा-पंधरा जण एकाच सर्व्हरवर असतील तर उपयोग आहे, एका एडिटरसाठी नाही.

दोन मजल्यांमधली केबलही जुनीच ठेवू का?

तेवढी एक बदला. सगळ्या मजल्याचा ट्रॅफिक त्या एका केबलवर येतो, आणि डक्टमधून एक केबल ओढणं हे सगळ्या टेबलांच्या केबल बदलण्यापुढे काहीच नाही. तिथे फायबर टाका, ओएम३ दर्जाच्या फायबरवर १० गिग ३०० मीटरपर्यंत जातं, आणि दोन मजल्यांची अर्थिंग वेगळी असेल तर तो त्रासही फायबरने मिटतो. ओढतच आहात तर एक जास्तीची जोडी ओढून ठेवा, मजुरी तेवढीच लागते.